आठवी ग्रेड सोडून लेक दुसऱ्याच्या रचनेत रमली आहे

(गंगापूर रोड, नाशिक इथून एका आईचं पत्र: लेक अकरावीत आहे, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांतली पियानोची सातवी ग्रेड झाली आहे. क्लासमधल्या एका मुलाने रचलेलं वाजवण्यात तिच्या दोन-दोन संध्याकाळी जातात. परवा एका कॉर्डवरून, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांवरून, दोघांचं वाजलं. ‘हे थांबवू का?’)

ताई, थांबवू नका.

त्या मुलाने डाव्या हाताला एकदम धरायला दिलेले सूर तुमच्या लेकीच्या पंजात मावत नाहीत. तो कॉम्प्युटरवर रचतो, आणि कॉम्प्युटरला बोटं नसतात. ती म्हणाली, सूर खालून वर एकापाठोपाठ घेते, पेडल दाबून खालचा धरून ठेवते. त्याला ते पटेना. पण अशी दुरुस्ती वाजवणाराच सुचवू शकतो, आणि पुढे हीच कामाला येते.

मोठ्यांचंही असंच वाजलेलं आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला पियानोवादक पॉल विटगेनस्टाइन याने राव्हेल या संगीतकाराकडून फक्त डाव्या हातासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहून घेतला आणि वाजवताना स्वतःच्या मनाने बदल केले. राव्हेल भडकला. प्रोकोफिएव्ह या दुसऱ्या संगीतकाराने १९३१ मध्ये विटगेनस्टाइनसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो तर विटगेनस्टाइनने कधी वाजवलाच नाही. तो पहिल्यांदा वाजला १९५६ मध्ये, बर्लिनला, दुसऱ्याच्या हातून. बदल आधी विचारून केले तर बरं, एवढं लेकीला सांगा.

आता व्यवहाराचं. आठवी ग्रेड सोडू नका. पुढे संगीताच्या कॉलेजात प्रवेश घेताना ती दाखवता येते. परीक्षा होईपर्यंत दोनऐवजी एकच संध्याकाळ रचनेला द्या. मुलगा ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर रचत असेल, तर आठवड्यातून एकदा तरी दोघांनी खऱ्या, ८८ पट्ट्यांच्या पियानोवर बसावं. नाहीतर मंद्रातले, म्हणजे अगदी खालचे, सूर त्याच्या कानातच येणार नाहीत. सुट्टीत पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन एनसीपीए या कलाकेंद्रात एखादी पियानोची मैफल ऐकवा.

नुसत्या नव्या रचना वाजवून घर चालत नाही, हे मात्र खरं. शिकवण्या, साथ, रेकॉर्डिंग हे जोडीला लागतंच. म्हणून बारावीची शाखा आत्ता बदलू नका.

आणि हो, प्रत्येक खर्ड्यावर तारीख घाला, लेकीने केलेले बदल पेन्सिलीने तसेच राहू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रचनाकाराचा हक्क वेगळा, वाजवणाऱ्या कलाकाराचा वेगळा. एखादी अख्खी ओळ लेकीचीच असेल, तर रचनाकार म्हणून दोघांची नावं पडणार का, हे यूट्यूबवर टाकण्याआधी दोन्ही घरांनी बसून ठरवा.