मोरी आहे, तरी कासव वरूनच का?

प्रश्न : आमच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला तळं आणि ऊस. पहिल्या पावसात दोन पाणकासवं गाडीखाली चिरडलेली दिसली. खाली चांगली मोठी मोरी असून ती वरूनच का जातात? जिवंत सापडलं तर नदीत सोडावं का?
— एक वाचक, भिलवडी

उत्तर : ताई, मोरी तिथं आहे हे कासवाला सांगणार कोण? ते नाकासमोर चालतं. मोरी दोनशे फुटांवर असली तर तिचा उपयोग शून्य.

फ्लोरिडातल्या लेक जॅक्सनजवळ महामार्ग 27 तळ्याच्या मधून जातो. तिथं 2000 साली रस्त्याच्या कडेनं जाळी लावून कासवं एका मोरीकडे वळवली. जाळीपाशी आलेल्या 8,475 कासवांपैकी जाळी चढून किंवा भेदून पलीकडे गेली फक्त 84. म्हणजे काम जाळीचं. मोरी नुसती वाट. उलट कॅनडाच्या ओंटारिओत एका महामार्गावर अर्धवट, फटी पडलेल्या जाळीनं रस्त्यावरची कासवं कमी झालीच नाहीत. तिथलं संकटग्रस्त ब्लँडिंग कासव वयात यायलाच 14 ते 20 वर्षं घेतं. अंडी घालायला जागा शोधत हिंडते ती मादी, आणि चाकाखाली जास्त जाते तीही मादीच. वर्षाला दोन-चार गेल्या तरी ती भरपाई पिढीभर होत नाही.

आता जिवंत सापडलेल्याचं. माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. मिरज रस्त्यावर जुलैत स्कूटर थांबवून एक पाणकासव उचललं. त्यानं मान आत घेतली आणि मागचे पाय पोटाखालच्या पडद्यांत असे मिटून घेतले की हातात नुसता ओला दगड. शेपटी आखूड, म्हणजे मादी. आलेल्याच बाजूच्या चरात सोडलं, चहा पिऊन परतलो, तर बाई पुन्हा डांबरावर! तेव्हापासून नियम एकच : तोंड ज्या दिशेला, त्याच बाजूला पलीकडे ठेवायचं. नदीत नको, त्याला संथ, गाळाचं पाणी मानवतं, आणि अनोळखी जागेहून ते परत वाट शोधायला निघतं. मागच्या बाजूनं, दोन्ही कडांना धरा. मान लांबते आणि चावा कडक असतो. घरच्या हौदात तर मुळीच ठेवू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात पाणकासव अनुसूची 1 मध्ये आहे. जखमी असेल तर वन विभागाचा 1926 फिरवा.

मोरीचं म्हणाल, तर बांधकामवाल्यांना गाठण्याआधी एकदा तिच्या तोंडाशी जाऊन बसा. तळाला दगड-गाळ की नुसतं गुळगुळीत काँक्रीट? तोंडाशी फूट-दीड फुटाची उडी तर नाही? वाकून बघितलं तर पलीकडचा उजेड दिसतो का? आमच्याकडच्या एका मोरीत उसाचं पाचट आणि खताच्या रिकाम्या पिशव्या गच्च भरलेल्या होत्या.