शंका तुमच्या, उत्तर माझं : ‘कळतं सगळं, पण कागदावर उतरत नाही’

पत्र पहिलं

मॅडम, मी तासगाव तालुक्यातला, बारावी सायन्सला आहे. प्रिलिमला फिजिक्सला ७० पैकी २९ पडले. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण पेपरात सूत्राचं डेरिव्हेशन तिसऱ्या ओळीला अडकतं आणि न्यूमेरिकलचं उत्तर जुळत नाही. फेब्रुवारीत परीक्षा, आणि आमची द्राक्षंही तेव्हाच उतरतात, त्यामुळे दिवसा बागेत जावं लागतं. वेळ कमी आहे. कुठले चार-पाच धडे ऑप्शनला टाकू? उत्तरपत्रिकेची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. एकही धडा टाकू नकोस. ऑप्शन प्रश्नांना आहे, धड्यांना नाही. पेपरात छापलेले प्रश्न ९८ गुणांचे असतात, सोडवायचे ७० चे. दोन गुणांच्या बारापैकी आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ आणि चार गुणांच्या पाचपैकी तीन. एक गुणाच्या अठरा प्रश्नांना मात्र ऑप्शनच नाही, आणि ते सोळाच्या सोळा धड्यांतून कुठूनही येतात. त्यात दहा एमसीक्यू, आठ एका वाक्याचे. चुंबकीय पदार्थांचा धडा बारीक आहे म्हणून मुलं तो सोडतात. बारीक आहे म्हणूनच तो एका संध्याकाळीत होतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

झेरॉक्स पाठवलीस ते फार बरं केलंस. नाहीतर मी ‘भरपूर सराव कर’ असं लिहून मोकळी झाले असते आणि तुला त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

तुझं बँकिंग ऑफ रोडचं, म्हणजे वळणावर रस्त्याला दिलेल्या उताराचं (कोन थीटा), डेरिव्हेशन बघ. आकृती छान काढलीस, पट्टी लावून. आणि पुढच्याच ओळीला गाडीच्या वजनाचे दोन तुकडे केलेस, एक उताराच्या दिशेने, एक उताराला लंब. ही अकरावीची सवय. तिथे फळीवरून ठोकळा घसरत होता, त्याचं त्वरण उताराच्या दिशेने होतं, म्हणून तिथे वजन फोडणं सोयीचं होतं. इथे गाडी घसरत नाहीये, वळतेय. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी उतरताना वळणावर एसटीत तू कुठल्या बाजूला ढकलला जातोस ते आठव. गाडीचं त्वरण त्याच्या उलट, आडवं आहे, वळणाच्या मध्याकडे. वजन सरळ खाली आहे, ते तसंच राहू दे. फोडायचा तो रस्त्याचा रेटा (एन), म्हणजे नॉर्मल रिअ‍ॅक्शन. त्याचा उभा भाग वजन तोलतो, एन कॉस थीटा बरोबर एमजी. आडवा भाग गाडीला वळवतो, एन साइन थीटा बरोबर एम व्ही वर्ग भागिले आर (व्ही वेग, आर वळणाची त्रिज्या). दुसऱ्याला पहिल्याने भागलं की टॅन थीटा बरोबर व्ही वर्ग भागिले आरजी. संपलं, दोन ओळींत. तू लिहिलं होतंस त्याप्रमाणे एन हे एमजी कॉस थीटा, म्हणजे वजनापेक्षा कमी. खरं तर घर्षण धरलं नाही तर ते एमजी भागिले कॉस थीटा, वजनापेक्षा जास्त! इतका फरक, आणि तो एका बाणामुळे.

मग काय करायचं? रोज दोन डेरिव्हेशन्सच्या फक्त आकृत्या काढायच्या, पुस्तक मिटून. द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा चालेल, चांगली वही नको. चांगल्या वहीत मुलं खाडाखोड करायला घाबरतात. प्रत्येक बाणाला नाव द्यायचं आणि खाली एक वाक्य लिहायचं, त्वरण कुठल्या दिशेला. दिवसा बागेत घड उतरवताना त्याच आकृत्या मनात फिरवत राहा. रात्री त्यातलं एकच डेरिव्हेशन पूर्ण लिही, घड्याळ लावून. तीन तासांत ७० गुण, म्हणजे गुणाला अडीच मिनिटं. तीन गुणांच्या डेरिव्हेशनला साडेसातच्या वर मिनिटं गेली तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. व्हिडिओ आता बंद. दुसऱ्याला पोहताना बघून कृष्णेत उडी मारण्यासारखं झालंय तुझं.

आता न्यूमेरिकल. तुझ्या पेपरात सोनोमीटरचं, म्हणजे वजन टांगून ताणलेल्या तारेच्या कंपनांचं, गणित आहे : तार ४० सेंटिमीटर, वजन ३ किलो, तारेच्या एका मीटरचं वस्तुमान ०.६ ग्रॅम. तुझं उत्तर ८८ हर्ट्झ. तू ताणाच्या जागी ३ च घातलेस. ताण हे बल आहे, त्याला ९.८ ने गुणायला हवं, २९.४ न्यूटन. एका मीटरचं वस्तुमान किलोत केलंस, ते बरोबर. ताण टी, मीटरचं वस्तुमान एम, तारेची लांबी एल; कंपनसंख्या एन काढायला टी भागिले एमच्या वर्गमुळाला एक भागिले दोन एलने गुणायचं. टी भागिले एम म्हणजे ४९,०००. आता वर्गमूळ. कॅल्क्युलेटर पेपरात चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि तू घरी सगळी गणितं मोबाइलवर करत असणार हे तुझ्या खाडाखोडीवरून स्वच्छ दिसतं. ४९,००० चा लॉग ४.६९०२, त्याचा निम्मा २.३४५१, अँटीलॉग २२१.४. एक भागिले दोन एल म्हणजे १.२५. गुणाकार केला की साधारण २७७ हर्ट्झ.

इथे जरा थांबते, कारण हा माझा लाडका धडा. २७७ म्हणजे हार्मोनियमवरची मधल्या सप्तकातली काळी एक. ८८ हा त्याच्या कितीतरी खालचा, पुरुषाच्या तानपुऱ्याच्या खर्जाजवळचा घुमार. हातभरही नसलेली बारीक पोलादी तार, तीन किलो टांगून ताणलेली, असा घुमणार नाही, हे कानाला कळायला हवं. सुपरपोझिशन, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळण्याचा हा धडा, शिकवायच्या आधी मी दरवर्षी मुलांना मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत न्यायची. प्रिन्सिपॉल म्हणायचे, मॅडम पोर्शन मागे पडेल. पडायचाही. पण कारागीर जोडीच्या दोन तारा मिळवताना वांव-वांव असा आवाज यायचा, त्याने तारेखालचा मणी केसभर सरकवला की ती लाट मंदावायची आणि शेवटी नाहीशी व्हायची. एका सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन तारांच्या कंपनसंख्येत दोनचा फरक. हेच बीट्स. खर्जाची तार पितळेची आणि जाड का, हे विचारलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सांगायची, ‘एम वाढला की एन उतरतो.’ तुला मिरज फार लांब नाही. द्राक्षं गेल्यावर जा. आत्ता नको, आत्ता रोज पाच गणितं लॉग टेबलवर कर, आणि प्रत्येक गणितात आकडे घालण्याआधी सगळी एककं बाजूला एका खाली एक लिहून काढ. तुझे प्रिलिमचे निदान आठ गुण एककांत गेलेत, मी मोजले.

पत्र दुसरं

कराडहून एका आईचं पत्र आहे. मुलगी म्हणते, बोर्डाच्या मार्कांना कोण विचारतं, मी फक्त सीईटीचे एमसीक्यू करणार. तिला काय सांगू?

उत्तर

ताई, मुलगी अर्धी बरोबर आहे. इंजिनिअरिंगची यादी सीईटीवरच लागते. पण खुल्या गटाला बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, त्याशिवाय सीईटीचा आकडा कागदावरच राहतो. आणि सीईटीत फिजिक्सचे ५० प्रश्न असतात, त्यातले सुमारे ८० टक्के याच बारावीच्या पुस्तकातले. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत. एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. तिथे सूत्र आठवत बसायला वेळ नसतो, आणि ज्याने डेरिव्हेशन हाताने लिहिलंय त्याला ते आठवावं लागत नाही. बोर्डाच्या पेपरापर्यंत तिला लिहू द्या, एमसीक्यू दिवसाला वीसेक पुरेत. नंतर सीईटीपर्यंत वेळ मिळतो. निगेटिव्ह मार्किंग नाही हेही तिला सांगा, म्हणजे प्रश्न कोरे सोडणार नाही. वाद घालू नका, घरात परीक्षेच्या तोंडावर वाद नको.

पत्र तिसरं

वाईहून एका ओळीचं पत्र : ‘प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) व्हायवात, म्हणजे तोंडीत, काय विचारतात?’

उत्तर

तुझ्या समोर टेबलावर जे असेल तेच. स्क्रू गेज (तारेची जाडी मोजायचं साधन) असेल तर लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सर्वात लहान माप, सोनोमीटर असेल तर कागदाचा रायडर, म्हणजे तारेवर बसवलेला तुकडा, मधोमध का ठेवला (तार तिथे सर्वात जास्त हलते म्हणून, अँटिनोड). जर्नल पूर्ण आणि सही झालेलं असू दे. येत नसेल तर ‘येत नाही, सर’ म्हण, त्याने गुण जात नाहीत तेवढे थापा मारून जातात. आणि रीडिंग स्वतःचं लिही. तीस गुण आहेत. मी एकदा एक्स्टर्नल म्हणून गेले होते, एका बॅचच्या सगळ्या मुलांच्या तारेची जाडी ०.३२ मिलिमीटर आली होती. खोक्यात तारा दोन जाडीच्या होत्या.