वाचकांचे प्रश्न : वॉर्डातून कॅज्युअल्टीत

प्रश्न : मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं काम केल्यावर नुकतीच माझी ड्युटी कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) लागली आहे. औषधं, डोस सगळं येतं, पण तीन-चार पेशंट एकदम आले की सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही. नव्या मुली माझ्यापेक्षा चटपटीत वाटतात. हात कसा बसेल?
– एक परिचारिका, सोलापूर

उत्तर : सिस्टर, तुमचं ज्ञान कमी पडत नाही, कामाचा क्रम उलटा झाला आहे. वॉर्डात पेशंट निदान आणि ऑर्डर घेऊन येतो. इथे निदानाआधीच हात चालवावे लागतात. श्वासमार्ग मोकळा आहे का, छाती कशी हलते, नाडी, बीपी, शुद्ध, साखर, याच क्रमाने पाहा. चौघे आले तरी प्रत्येकावर नजर टाकल्याशिवाय एकाचंच सलाईन लावत बसू नका. ओरडणारा निदान श्वास तरी घेतोय, गप्प पडलेल्याकडे आधी जा. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी 10 मिनिटांच्या आत निघायलाच हवा, केसपेपर मागाहून. वॉर्डात 22 नंबरचं बारीक, निळं इंट्राकॅथ (शिरेत बसवायची सुई-नळी) चालून जातं. अपघाताच्या पेशंटला दोन्ही हातांना 18 नंबरचं जाड, हिरवं लावा, बारीक सुईतून रक्त वेगाने जात नाही.

आपल्याकडे शेतावरून येणारे दोन पेशंट मात्र नीट समजून घ्या. पहिला सर्पदंशाचा. 2 मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त वाहिलं तर ते गोठत नाही, म्हणजे घोणस किंवा फुरसं. चूक होते ती ट्यूबमुळे: साबणाचा अंश राहिलेल्या किंवा प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये चांगलं रक्तही न गोठता राहू शकतं. नाग-मण्यारच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठतं, म्हणून पापण्या जड होतात का, मान उचलता येते का, हे पुन्हा पुन्हा तपासा. एएसव्हीची (सर्पविषावरच्या उताऱ्याची) पावडर 10 मिली पाण्यात विरघळवताना व्हायल हलकेच फिरवा. जोरात हलवलं की फेस येतो. सुरुवातीच्या 10 व्हायल साधारण तासाभरात जातात. त्याआधी, एएसव्हीची अ‍ॅलर्जी आली तर लागेल म्हणून, अ‍ॅड्रिनालिन 0.5 मिग्रॅ सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवा. अंगावर गांधी उठल्या की ड्रिप बंद, अ‍ॅड्रिनालिन मांडीत आणि डॉक्टरांना हाक.

दुसरा कीटकनाशक प्यायलेला. ग्लोव्ह्ज घालून कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा, नाहीतर विष कातडीतून आत जातच राहतं. कीटकनाशक ऑर्गनोफॉस्फरस गटातलं असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा 0.6 मिग्रॅच्या 3 ते 5 अ‍ॅम्प्युलने सुरू होतो आणि छाती कोरडी होईपर्यंत (फुप्फुसातला स्राव थांबेपर्यंत) दर 5 मिनिटांनी दुप्पट केला जातो. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नसतं, स्टेथोस्कोपने खरखर ऐकायची. रिकाम्या अ‍ॅम्प्युल एका किडनी ट्रेमध्ये जमवा. धावपळीत हिशेब तिथेच सापडतो. तोंडी ऑर्डर आली की औषध, डोस आणि मार्ग मोठ्याने परत म्हणा, दिल्यावर वेळ लगेच लिहा.

त्या मुली चटपटीत दिसतात, कारण सामानाची जागा त्यांना पाठ आहे. रोज ड्युटीवर येताच इमर्जन्सी ट्रॉली स्वतः उघडा: लॅरिंगोस्कोपचा दिवा, सक्शनचा जोर, अंबू बॅगचा मास्क, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा. आठवडाभरात तुमचेही हात आपोआप तिकडे जातील. बिघडू लागलेला पेशंट ओळखणारी तुमची नजर त्यांना एवढ्या लवकर मिळणार नाही.

प्रश्न : मे महिन्यात उन्हातून बेशुद्ध आणलेल्या माणसाला तापाचं इंजेक्शन द्यावं का?

उत्तर : उष्माघातात पॅरासिटामॉल उपयोगी पडत नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. एबीसी (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण) आणि साखर बघून लगेच कपडे काढा, अंगावर पाणी फवारा, पंखा जोरात लावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. काखेतला थर्मामीटर फसवतो. तापमान गुदद्वारातून घ्या. 39 अंश सेल्सिअसला आलं की गार करणं थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं.