जर्मनीला येण्याआधी एक पार्ट कापून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या मोल्डिंग कंपनीत तू फ्लो अ‍ॅनालिसिस करतोस, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात कसं भरेल ते कॉम्प्युटरवर बघतोस, ग्लास-फिल्ड (काचेचे बारीक तंतू मिसळलेल्या) नायलॉनचे पार्ट किती वाकतील याचा अंदाज वारंवार चुकतो, फायबर ओरिएंटेशनचा, म्हणजे हे तंतू कुठल्या दिशेने बसतात त्याचा, नीट अभ्यास करायचा आहे, तर मास्टर्ससाठी जर्मनीतल्या आखेनला यावं का? मी मूळची पुण्याची आणि इथे हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

जरूर ये. पण सॉफ्टवेअर चालवता येतं एवढ्याच भांडवलावर येऊ नकोस. तसे लोक इथे ढिगाने आहेत. स्क्रीनवरचं उत्तर आणि हातातला पार्ट यांत फरक का पडला, हे सांगणारे फार कमी. आणि ते शिकायला चाकण-भोसरीइतकी चांगली जागा नाही, कारण रोजच्या ट्रायलचे पार्ट तुझ्या टेबलावर पडलेले असतात.

पार्टच्या जाडीत काय घडतं ते बघ. साच्याच्या भिंतीजवळ शिअर (थर एकमेकांवरून घसरणं) जास्त असतो, म्हणून तिथले फायबर प्रवाहाच्या दिशेने वळतात. अगदी मधल्या थरात शिअर जवळपास नसतोच. गेटमधून, म्हणजे साच्यात शिरायच्या तोंडातून, मटेरियल पंख्यासारखं पसरताना आडवं ताणलं जातं आणि मधले फायबर प्रवाहाला आडवे राहतात. थंड होताना फायबरच्या दिशेने आकुंचन कमी, आडव्या दिशेने बऱ्याचदा दुप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे मधल्या थराची जाडी चुकली की वाकण्याचा अंदाज चुकलाच.

आता हा थर चुकतो कुठे? जेफरीने १९२२ साली द्रवात तरंगणारा एकटा लंबगोल कण कसा फिरतो ते मांडलं. पण ३० टक्के ग्लासमध्ये एकटा असा कुणी नसतोच, फायबर एकमेकांना सतत अडवतात. फोल्गर आणि टकर यांनी १९८४ मध्ये त्यासाठी एक गुणांक घातला. १९८७ मध्ये अडवाणी आणि टकर यांनी एकेक फायबर मोजत बसण्याऐवजी सगळ्यांची दिशा एका टेन्सरमध्ये, म्हणजे आकड्यांच्या एका तक्त्यात, बसवली. त्यातला प्रवाहाच्या दिशेचा आकडा सगळे फायबर त्याच दिशेने असतील तर १, कशाही दिशेला विखुरले असतील तर एक तृतीयांश. तरी प्रत्यक्षात फायबर या मॉडेलपेक्षा सावकाश वळतात आणि गणितातला मधला थर खऱ्यापेक्षा पातळ येतो. म्हणून २००८ मध्ये वळण्याचा वेग कमी करणारी सुधारणा आली. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये हे गुणांक डिफॉल्ट म्हणून बसलेले आहेत. ते दुसऱ्या कुठल्यातरी नमुन्यावर जुळवलेले असतात, तुझ्या पार्टच्या पातळ रिबला (आधाराच्या फासळीला) लागू पडतीलच असं नाही.

(बंपरच्या प्लास्टिकमध्ये भरलेल्या टाल्क या खनिज पुडीचा कण चपटा असतो. त्यालाही जेफरीचंच समीकरण चालतं, फक्त आकाराच्या गुणकाचं चिन्ह उलटं होतं. हे स्वतः कागदावर सोडवून बघ, फार आनंद होईल.)

तर एक पार्ट घे. गेटजवळ, मध्ये आणि प्रवाहाच्या शेवटाला असे तीन तुकडे प्रवाहाला काटकोनात काप. कास्टिंगचे नमुने पॉलिश करणारी मेटलर्जीची लॅब पिंपरी-चिंचवडमध्ये सहज मिळेल. त्यांना कोल्ड माउंट करायला (तुकडा न तापवता रेझिनमध्ये बसवायला) आवर्जून सांग, कारण हॉट माउंटिंगच्या तापमानाला आणि दाबाला प्लास्टिकचा आकार बिघडतो. मायक्रोस्कोपखाली प्रवाहाच्या दिशेचे फायबर गोल ठिपके दिसतील, तिरके असतील ते लंबगोल. लंबगोलाची रुंदी भागिले लांबी म्हणजे त्या तिरकेपणाच्या कोनाचा कोसाइन. तो या बाजूला झुकलाय की त्या, हे एका छेदावरून कळत नाही, तेवढं ध्यानात ठेव. भिंतीपासून भिंतीपर्यंत आलेख काढ आणि सॉफ्टवेअरचा आलेख त्यावर ठेव. अर्जासोबत हे एक पान असेल तर प्रोफेसर ते वाचतीलच, असं मला मनापासून वाटतं.

बाकीचं पटकन सांगते. एपीएस सर्टिफिकेटला (तुझी भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) आधी हात घाल, त्याच्याशिवाय स्टुडंट व्हिसाचं पुढे सरकत नाही. ब्लॉक्ड अकाउंटची (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, पण स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे आपल्यासारख्या युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. आखेनची आयकेव्ही संस्था प्लास्टिक प्रोसेसिंगमधली फार मोठी, पण या विषयाचे बरेच वर्ग जर्मनमध्ये चालतात. रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवनला आजच नाव घाल, जर्मनची बी-टू पातळी करूनच विमानात बस. इथे आल्यावर संस्थेत विद्यार्थी-सहायकाचं काम माग. सुरुवातीला नमुने पॉलिशच करायला लावतील, तेव्हा तुझा हात आधीच बसलेला असेल. पुढे पीएचडी करायची झाली तर बहुतेक जागा पगारी असतात, घरच्यांना हे नक्की सांग.

कंपनीचा पार्ट वापरणार असशील तर साहेबांची लेखी परवानगी घे. आलेख तयार झाले की मला पाठव, कुठला गुणांक हलवून बघायचा ते बसून ठरवू.