नाशिकजवळ चार घोड्यांचा तबेला बांधतोय. आतून देखणा आणि वापरायलाही सोयीचा कसा करता येईल?

आर्किटेक्टकडे जाण्याआधी एक काम करा. ओळखीतल्या कुणाच्याही तबेल्यात पहाटे पाचला जा. लीद उचलायच्या आधी घोड्याच्या ठाणाजवळ खाली बसा आणि जमिनीपासून हातभर उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले, घशात काही टोचल्यासारखं झालं, तर तो अमोनिया. मुतातला युरिया जिवाणूंमुळे फुटतो आणि त्यातून हा वायू निघतो. उभ्या माणसाला तो फारसा जाणवत नाही. घोडा उभ्याने डुलक्या घेत असला, तरी गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि तेव्हा त्याचं नाक नेमकं त्या थरात असतं. तबेल्याच्या आतल्या रचनेबद्दल मला जे काही कळलंय, ते या एका जागी बसून कळलंय.

तुम्ही लिहिलंय की गिरणाऱ्याजवळ द्राक्षबागेच्या कडेला जागा आहे, दोन मारवाडी घोड्या, एक काठेवाडी आणि मुलांसाठी एक तट्टू आहे. नेटवर पाहिलेल्या तबेल्यांसारखं लाकडी छत, झुंबर आणि चकचकीत फरशी तुमच्या मनात आहे. मी नाशिकमध्ये घरांच्या इंटिरियरची कामं करतो आणि मखमलाबादच्या बाजूला माझ्या दोन घोड्या आहेत. पहिला तबेला बांधला तेव्हा मी अगदी हेच केलं होतं. पत्रा दिसू नये म्हणून खाली पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग, खाली पॉलिश केलेली कोटा फरशी. फोटोत फार सुरेख दिसायचं. पहिल्याच पावसाळ्यात धाकटी घोडी, मैना, खोकायला लागली. डॉक्टरांनी औषध देण्याआधी वर पाहिलं आणि म्हणाले, आधी हे छत काढा. गरम, दमट हवा वर जाऊन अडकत होती आणि भिंतींना पाणी सुटत होतं. कोट्यावरून मैना एकदा मागच्या पायांनी घसरली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. छत आणि फरशी दोन्ही मी काढून टाकली. तुमचा तो खर्च आणि तुमच्या जनावराचा तो त्रास वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तर सुरुवात छतापासून. गिरणारं त्र्यंबकच्या दिशेला आहे, तुमच्याकडे पाऊस शहरापेक्षा जास्तच लागणार, आणि तो पश्चिमेकडून झोडपतो. चारही ठाणं एका ओळीत घ्या, दारं पूर्वेला, पुढे आठ फुटांची पडवी. सकाळचं ऊन थेट आत येऊन जमीन सुकवतं. पश्चिमेची भिंत वरपर्यंत बंद करू नका. सात फुटांच्या वर विटांची जाळी ठेवा आणि वळचण चार फूट बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या आत येणार नाहीत. वळचणीपाशी छत किमान बारा फुटांवर असावं. आढ्यापाशी लांबच्या लांब फट ठेवून तिच्यावर छोटं टोपीछप्पर घाला. खालून थंड हवा येते, घोड्याच्या अंगच्या उष्णतेने तापते आणि त्या फटीतून निघून जाते. पंख्याशिवाय चोवीस तास चालणारी सोय आहे ही.

मंगलोरी कौलं परवडली तर दुसरं काही बघू नका. वासे आणि कौलं आतून उघडी ठेवली की ज्या लाकडी छताची तुम्हाला ओढ आहे, ते आपोआप मिळतं. पत्राच घालायचा असेल तर आत फोम भरलेली पॅनल घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा नुसता पत्रा वरून आग ओकतो, आणि पावसाळ्यात त्याच्या आवाजाने नवी घोडी रात्रभर उभी राहते.

थंडीबद्दल लोक नको तेवढी काळजी करतात. निफाडकडे पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी आली की ताडपत्र्या लावून सगळं बंद करतात. घोडा कोरड्या थंडीत छान राहतो. त्याला सोसत नाही ते ओलं अंग आणि थेट अंगावर येणारा वारा. ठाणाची खालची साडेचार फूट भिंत भरीव असली की तेवढं पुरतं. वरची हवा अडवू नका.

जमिनीवर मात्र पैसे सोडा. आपल्याकडच्या जुन्या पागांमध्ये मुरमाची जमीन असायची आणि ती टापांना आजही सगळ्यात चांगली. पण मूत मुरून खड्डे पडतात आणि दरवर्षी उकरून नवा मुरूम भरावा लागतो. माणसं कमी असतील तर ते होत नाही. मी आता असं करतो: खाली दगडी सोलिंग, वर कोबा, त्याला झाडूने ओढून खरबरीतपणा दिलेला, आणि मागून पुढे बारा फुटांत अडीच ते तीन इंच उतार. वर पाऊण इंच जाडीचे रबरी मॅट. चार बाय सहाचे सहा मॅट बारा बाय बाराच्या ठाणात कापाकापी न करता बसतात. नाली ठाणाच्या बाहेर, पडवीच्या कडेला, उथळ आणि उघडी ठेवा. आत जाळीचं भोक ठेवलं की पेंढा अडकून आठवड्यात तुंबतं. पडवीला खरबरीत शहाबादी किंवा खडी वीट घाला. दोन्ही दिसायलाही झकास.

मॅट आहेत म्हणून अंथरूण टाळू नका. इगतपुरी-त्र्यंबकचा भाताचा पेंढा तुम्हाला जवळच मिळेल. कोरडा, बुरशी नसलेला घ्या आणि भिंतीच्या कडेला थोडा चढता रचा. लोळताना घोडा भिंतीशी पाय अडकून पडला की त्याला स्वतःहून उठता येत नाही. कडेचा तो चढ त्याला आतल्या बाजूला ठेवतो. सुताराकडचा रंध्याचा भुसा घेणार असाल तर तो निव्वळ लाकडाचाच हवा. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा आमच्या कारखान्यांत ढिगाने पडतो आणि लोक फुकट मिळतो म्हणून नेतात. त्यात डिंक-रसायनं असतात आणि धूळही फार.

मापं झटपट सांगतो. मारवाडी आणि काठेवाडीला बारा बाय बारा, तट्टूला दहा बाय दहा. पुढेमागे घोडी विणार असेल तर एक ठाण चौदा बाय चौदाचं करा. दार चार फूट रुंद, आठ फूट उंच. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत उघडणारं नको, कारण घोडा दाराला टेकून पडला तर तुम्ही आत शिरणार कसे? दोन भागांचं अर्धं दार मला फार आवडतं, वरचा भाग दिवसभर उघडा राहतो आणि चार तोंडं रांगेने बाहेर डोकावतात. तट्टूच्या दाराचा खालचा भाग बुटका करा, नाहीतर बिचाऱ्याला समोर नुसती फळीच दिसते. कडी वर एक आणि खाली पायाने सरकवायचा एक अडसर. वरची कडी घोडी ओठांनी उघडायला शिकते, मैना आठवड्यात शिकली.

दोन ठाणांमधली भिंत छतापर्यंत नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. घोडा कळपातला प्राणी आहे, शेजारचा दिसला नाही की तो डुलत राहतो, दाराची लाकडं कुरतडतो. खाली साडेचार फूट विटा आणि त्यावर दोन इंच जाडीच्या बाभळीच्या किंवा सागाच्या फळ्या, म्हणजे लाथ झेलली जाते. वर उभे गज, त्यांच्यात तीन इंचांपेक्षा कमी अंतर, म्हणजे खूर अडकत नाही. आडवे गज नकोत. हे गज काळ्या रंगात, फळ्यांना नुसतं तेल आणि खाली उघडी वीट, एवढ्यावर ठाण इतकं सुंदर दिसतं की वर वेगळी सजावट लागत नाही. गव्हाणीची कड आणि दाराची वरची कड, जिथे दात लागतात, तिथे गोल वाकवलेली पत्र्याची पट्टी मारा. गव्हाण खाली, छातीच्याही खाली ठेवा. मान खाली घालून चरणं ही त्याची नैसर्गिक ठेवण आहे, त्याने नाका-घशातली धूळही खाली निथळते. दगडी डोण दिसायला राजेशाही असते, पण रोज उलटी करून घासता येत नाही. एक घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. कोपऱ्यात कडीला अडकवलेल्या दोन बादल्याच बऱ्या. डोण बाहेर ठेवा, तिच्यात झेंडू लावा.

आता रंग, माझा आवडता विषय. घोड्याला निळा आणि पिवळा रंग चांगला दिसतो, लाल-हिरव्यात तो गोंधळतो. आणि उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. घोडी दारात अडली की मोतद्दार तिला हट्टी म्हणतो. खरं तर तिच्यासमोर नुसतं काळं भगदाड असतं. म्हणून तुमच्या फोटोंतल्या गडद चॉकलेटी भिंती विसरा. आत चुना लावा, त्यात आजीच्या काळासारखी थोडी नीळ घाला. दाराच्या चौकटीभोवती पिवळ्या मातीचा हातभर पट्टा ओढा. चुना जंतूही मारतो, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि दरवर्षी दसऱ्याच्या आधी दोन माणसांत दिवसभरात नवा होतो. दसऱ्यावरून आठवलं. पूजेचा शेंदूर ठाणाच्या आत, चाटता येईल अशा जागी लावू नका. जुन्या पद्धतीचा शेंदूर हे शिशाचंच संयुग आहे. लोखंडाला मारायचा लाल प्रायमरसुद्धा शिसं नसलेलाच मागून घ्या.

उजेडासाठी उत्तरेच्या बाजूला छतात दोन-तीन पारदर्शक पत्रे पुरतात. दिवे जाळीच्या आतले, वायर लोखंडी पाइपातून, बटणं ठाणाबाहेर. उंदीर वायर कुरतडतात आणि खाली पेंढा असतो, एवढंच लक्षात ठेवा. पंखे लावायचेच तर मोटर पूर्ण बंद असलेले, भिंतीवरचे. घरातला टेबलफॅन कडब्याच्या धुळीने भरतो आणि पेट घेऊ शकतो. झुंबर हवंच असेल तर पडवीत, घोड्याच्या डोक्यापासून लांब टांगा. आगीच्याच भीतीने वैरण माळ्यावर नको. ओलसर गवताची गंजी आतून तापून स्वतःहूनही पेटते. कडबा आणि गवत वेगळ्या शेडमध्ये, पन्नास-साठ पावलांवर ठेवा.

चंदीच्या, म्हणजे दाण्या-खुराकाच्या, खोलीला मात्र उंदरांना शिरता येणार नाही असं दार, पत्र्याची झाकणं असलेल्या कोठ्या आणि कुलूप हवं. तुम्ही बागायतदार आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतो: मोरचूद, गंधक, औषधांचे डबे या खोलीत एक दिवसही येऊ नयेत. फवारणी चालू असेल तेव्हा वाऱ्याची दिशा बघा आणि घोडे दुसऱ्या बाजूला न्या. शेजारी पोल्ट्री असेल तर कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं चुकूनही चंदीत मिसळू देऊ नका. त्यात बहुधा मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्याने निकामी होतं.

खोगिराच्या खोलीत तुमची हौस भागवून घ्या, मी तिथेच भागवली. सागाच्या गोलसर खुंट्या, पितळी आकडे, खोगिरांसाठी अर्धगोल लाकडी घोड्या, लगामांची रांग, खरारे ठेवायला कोनाडे. फक्त कपाटं बंद काचेची नकोत. आपल्या पावसाळ्यात चामड्याला चार दिवसांत पांढरी बुरशी येते. जाळीची दारं करा आणि समोरासमोर दोन झरोके ठेवा.

आणखी एक ठाण बांधा, पाचवं, बाकीच्यांपासून शंभर फूट तरी दूर, त्याची बादली आणि खरारा वेगळा. सारंगखेड्याहून किंवा येवल्याच्या बाजारातून नवं जनावर आणलं की आधी दोन-तीन आठवडे तिथे. ग्लँडर्ससारखा रोग सामाईक पाण्यातून पसरतो, माणसालाही होतो आणि बाधित घोडा वाचवता येत नाही. रक्ताची तपासणी पशुवैद्यकीय खात्यामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. अहवाल येईपर्यंत ते जनावर चौघांत मिसळू नका. सुंदर रांगेत हे एकटं ठाण विजोड वाटेल, तरी ते हवंच.

बाहेर झाडं लावताना कण्हेर आणि बिट्टी दोन्ही टाळा. रस्त्याकडेच्या बंगल्यांना कण्हेर हमखास असते. तिची वाळलेली मूठभर पानंसुद्धा घोड्याचा जीव घेतात. पश्चिमेला कडुनिंब लावा, दुपारची सावली येईल. लीद दिवसातून दोनदा उचला. एका घोड्याची रोज वीस किलोच्या वर भरते, चौघांची तुमच्या बागेला सोन्यासारखी. पण खड्डा तबेल्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला घ्या, नाहीतर चावऱ्या माश्या येतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग.

सुतार, वेल्डर, इलेक्ट्रिशियन सगळे निघून गेले, चुना पूर्ण वाळला, की घोडे लगेच आत आणू नका. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मोठं लोहचुंबक मिळतं. ते काठीला बांधून प्रत्येक ठाण, पडवी आणि बाहेरचं अंगण दोनदा फिरवा. माझ्या दुसऱ्या तबेल्यातून असे ओंजळभर खिळे आणि तारेचे तुकडे निघाले होते. मग मॅट टाका, पेंढा पसरा आणि आधी तट्टूला आत सोडा. घोडे आणायच्या आधी चौघांचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.