ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला ॲम्प मॉडेलर घ्यावा की मल्टी-इफेक्ट्स?

तुम्ही विचारलंय की बजेट 25 हजार आहे, एरवी घरी सराव आणि गणपतीत ऑर्केस्ट्रा, तर दोन्हींतलं काय घ्यावं. मल्टी-इफेक्ट्स घ्या. या पैशात जो मल्टी-इफेक्ट्स मिळतो, त्याच्या पोटात मॉडेलर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आवाजाची नक्कल करणारी यंत्रणा, असतेच.

पूर्वी ही दोन घराणी वेगळी होती. 1998 साली लाइन सिक्स कंपनीचा राजम्याच्या दाण्यासारखा लालभडक पॉड आला, त्याचं मुख्य काम ॲम्पची नक्कल करणं. मल्टी-इफेक्ट्स म्हणजे कोरस, डिले, वाह असे आवाज बदलणारे इफेक्ट्स एका पेटीत, आणि पुढं खरा ॲम्प आहे असं गृहीत धरलेलं. आता बॉसचा जीटी-1 घ्या नाहीतर झूमचा जी1एक्स फोर, दोन्हींत ॲम्प आणि कॅबिनेटची, म्हणजे ॲम्पच्या स्पीकरच्या खोक्याची, मॉडेल्स आहेत. केम्पर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स ही महागड्या मॉडेलरांची वरची मंडळी. त्यांचा आवाज सरस आहेच, पण तुमच्या बजेटात ती बसत नाहीत, आणि मंडळापुढच्या गर्दीला तो फरक कळणारही नाही.

फरक कळतो तो तुमची वायर कुठं जाते त्यानं. गिटार ॲम्पचा 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो. ऑर्केस्ट्राचे पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेले, स्पीकर तसलं काही गिळत नाहीत. म्हणून थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला जाताना कॅबिनेटचं मॉडेल चालू पाहिजे, आणि खऱ्या ॲम्पला लावताना बहुतेक वेळा बंद. मी हे कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मंडळापुढं शिकलो. आदल्या दिवशी मित्राच्या ॲम्पवर सराव केलेला, त्यामुळं जीटी-1चं आउटपुट सेटिंग ‘कॉम्बो ॲम्प’वरच, म्हणजे खऱ्या ॲम्पसाठीचंच, राहिलं होतं. पहिल्याच सोलोला पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज. साऊंडवाला मागनं ओरडला, “भावा, गिटार हाय का चटणीचा मिक्सर?” सेटिंग ‘लाइन/फोन्स’वर आणायला दहा सेकंद पुरली असती, पण घाबरून मी सगळा ट्रेबलच उतरवला आणि अख्खा कार्यक्रम गोधडीत गिटार गुंडाळल्यासारखा वाजवला.

दुसरी खोड घरची. रात्री शेजारी झोपलेत म्हणून हळू आवाजात पॅच, म्हणजे साठवून ठेवायचं आवाजाचं सेटिंग, बनवला की बास आणि ट्रेबल कमी वाटतात, कारण कमी आवाजात आपल्या कानाला दोन्ही टोकं नीट ऐकू येत नाहीत. मग आपण ती वाढवतो. तोच पॅच स्टेजवर मोठ्यानं लावला की खाली घुमतो, वर टोचतो. पॅच मोठ्या आवाजातच बनवा. रविवारी दुपारी तालमीच्या खोलीत अर्धा तास मिळाला तरी पुरे. गेन, म्हणजे आवाज किती फाटवायचा ते, घरी आवडेल त्याच्या निम्मा ठेवा. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डच्या गर्दीत गिटार वर येते ती मिडमुळं, म्हणजे बास आणि ट्रेबलच्या मधल्या पट्टीमुळं, गेनमुळं नव्हे.

आयआर, म्हणजे खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल, बाहेरून टाकता आली तर चांगलंच. जीटी-1 आणि जी1एक्स फोरमध्ये ती सोय नाही, एनयूएक्सच्या एमजी-300मध्ये आहे. तरीही मी जीटी-1च सुचवीन. त्याला एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे वाह किंवा आवाज पायानं कमीजास्त करायचं पेडल, आहे, लाइट गेली तर चार डबल-ए सेलवर चालतो, आणि खोका इतका मजबूत की माझा दोनदा मोटरसायकलवरनं पडून अजून वाजतोय.

उरलेल्या पैशातनं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे अर्थिंगची जोडणी तोडायचं, बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला नेणारी डबी, घ्या. लायटिंग आणि साऊंड एकाच जनरेटरवर असले की जी घुंss सुरू होते, ती बऱ्याचदा त्या एका बटणानं जाते. साऊंडवाल्याकडं असेल म्हणून विसंबू नका, स्वतःचा पिशवीत ठेवा.