गहू तारीख बघत नाही, ऊब मोजतो

लाल कांदा निघाल्यावर 5 डिसेंबरला गहू पेरला. खत-पाणी वेळेवर दिलं, ओंब्याही भरगच्च दिसत होत्या, पण पोती कमी भरली. चुकलं कुठे? (शेतकरी, सिन्नर)

दादा, मळणीआधी एक ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली असती, तर तेव्हाच कळलं असतं. कोंडा उडून जातो आणि हातात राहतात ते सुरकुतलेले, हलके दाणे. ओंबीत दाणे तेवढेच असतात, वजन मात्र नसतं.

गव्हाची वाढ मिळणाऱ्या उबेवर चालते. थंडी टिकली तर दाण्यात दुधासारखा चीक भरल्यापासून तो पक्व होईपर्यंतचा काळ लांबतो आणि दाण्यात पिष्ट साठत राहतं. पारा तिशी ओलांडून गेला की पानं लवकर वाळतात, पिष्ट तयार होण्याचं कामच मंदावतं. त्यात रात्री उबदार असल्या तर दिवसा कमावलेलं अन्न पीक रात्रीच्या श्वसनात खर्चून टाकतं. मार्च 2022 मध्ये उत्तरेत हेच झालं. 1901 पासूनच्या नोंदींतला तो देशातला सर्वांत उष्ण मार्च. देशाच्या उत्पादनाचा 11 कोटी 13 लाख टनांचा अंदाज मे महिन्यात 10 कोटी 64 लाखांवर आला आणि 13 मे रोजी निर्यातबंदी झाली.

तुमचं दाणे भरणं नेमकं मार्चच्या उन्हात सापडलं. बागायती गव्हाची वेळ 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट धरा. कांद्यामुळे उशीर होणारच असेल, तर निफाडच्या संशोधन केंद्राचा एनआयएडब्ल्यू 34 किंवा फुले समाधान हा उशिरा पेरणीचा वाण घ्या. पण 15 डिसेंबर उलटल्यावर गव्हाचा हट्ट धरू नका. त्यात बियाणं आणि पाणी दोन्ही जातं, हे मी मनापासून सांगतो.

फेब्रुवारीतच ऊन तापलं तर उभ्या पिकाला काय करू? (शेतकरी, पैठण)

पाणी हलकं द्या, पण ताण पडू देऊ नका. वारा पडल्यावर, संध्याकाळी द्या. वाऱ्यात भरपूर पाणी दिलं तर गहू लोळतो, आणि लोळलेल्या गव्हाचा दाणा नीट भरत नाही. फुलोऱ्यानंतर एकरी 200 लिटर पाण्यात 4 किलो पोटॅशियम नायट्रेट (13:0:45) मिसळून 15 दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. कर्नालच्या गहू संशोधन संस्थेने हा सल्ला दिलेला आहे. याने थोडा आधार मिळतो, हुकलेली थंडी मात्र परत येत नाही.

आभाळ आलं की गव्हाला धोका असतो का? (वाचक, परभणी)

हो. मावा ही रस शोषणारी कीड वाढते, ओलावा टिकला की तांबेरा हा बुरशीचा रोगही येतो. खालची पानं उलटून बघत जा. बोटाला नारिंगी भुकटी लागली तर थांबू नका.

माझी मुलगी अमेरिकेत कॅन्ससला असते. तिथे गव्हावर बर्फ पडतो. हिवाळा उबदार झाला तर त्या शेतकऱ्यांचं बरंच होईल ना? (वाचक, पुणे)

ताई, उलट आहे. आपला गहू नोव्हेंबरात पेरून मार्चमध्ये निघतो. त्यांचा सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला गहू कित्येक आठवडे कडक थंडी सोसल्याशिवाय ओंबीवरच येत नाही. बर्फ ही त्याची गोधडी असते, वरच्या बोचऱ्या वाऱ्यापासून ती रोपाला जपते. हिवाळा उबदार गेला की पीक लवकर जागं होतं, ओंबी खोडातून वर सरकते, आणि एप्रिलच्या एखाद्या पहाटे पारा शून्याखाली उतरला की तीच कोवळी ओंबी करपते. पावसाने ओढ दिली तर आणखी कठीण. 2023 च्या दुष्काळात तिथल्या कितीतरी शेतकऱ्यांनी पीक कापलंच नाही. मुलीशी बोलताना बर्फाबरोबर एप्रिलमधल्या पहाटेच्या थंडीचीही चौकशी करा.